सुकाबाबांचे शहाण्णव पाठ

शके एकोणीसशे पंचेचाळीस, मार्गशीर्ष महिना; इंग्रजी हिशेबाने सन दोन हजार तेवीसचा डिसेंबर. हेमंत ऋतू ऐन भरात होता आणि धरणाच्या पाण्यावरचे धुके सकाळी नऊपर्यंत हलत नव्हते.

“त्यांतलं एक तरी माणूस माझ्याशी बोलेल का?” सुकाबाबांनी विचारले.

प्राध्यापिका डॉ. प्रमिला खाचणे यांनी हातातला मोबाइल सतरंजीवर ठेवला. असा प्रश्न येईल, अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

“बोलेल का, म्हणजे? बाबा, दोनशे साठ जण तुमची बोली शिकताहेत.”

“ते ऐकलं. बोलेल का, ते विचारतो आहे.”

बाई हसल्या. लहान मुलाच्या हट्टाला हसावे, तशा.

सुकाबाबांचा मठ म्हणजे पाण्याच्या काठी पत्र्याची दोन दालने आणि पुढे शेणाने सारवलेली ओसरी. बाबांचे वय त्र्याऐंशी. जन्म नावाड्याच्या घरचा. नदीकाठी त्या लोकांचे सात पाडे होते. धरण झाले आणि सातही पाडे पाण्याखाली गेले. माणसे चार वसाहतींत वाटली गेली. मुले मराठी शाळेत जाऊ लागली, म्हातारी माणसे एकेक करून निघून गेली, आणि पाड्यांवरची बोली घराघरांतून उठून गेली. तिला नाव असे कधी नव्हतेच. बोलणारे तिला ‘आपलं बोलणं’ म्हणत. ज्याला ज्याला ते कळे, तो आपला. इतका सरळ व्यवहार होता.

त्या बोलीत बाबांशी बोलणारी शेवटची व्यक्ती म्हणजे त्यांची थोरली बहीण, मंजीबाई. गेल्या आश्विनात ती वारली.

खाचणेबाई तालुक्याच्या महाविद्यालयात भाषाविभागाच्या प्रमुख होत्या. पाच वर्षे, दर रविवारी, त्या ध्वनिमुद्रक घेऊन मठात येत. बाबा बोलत, बाई मुद्रित करीत. त्यातून त्यांनी शहाण्णव पाठांचा पॉडकास्ट सिद्ध केला होता. कोणीही, कोठेही, बसमध्ये वा स्वयंपाक करता करता, मोबाइलवर तो ऐकावा. जोडीला इंटरनेटवर एक सामायिक वही होती. शिकणारे तीत शब्द लिहीत, वाक्ये रचीत, एकमेकांच्या चुका सुधारीत. या कामाबद्दल बाईंना दोन पुरस्कार मिळाले होते आणि ते त्यांना योग्यच वाटले होते.

आता विद्यापीठ या अभ्यासक्रमाला मान्यता देणार होते. अट एकच. पाठ पूर्ण केलेली माणसे ही बोली बोलू शकतात, असे त्या बोलीच्या माणसाने लिहून द्यावे. तो कागद बाईंच्या पिशवीत होता.

“सही करीन,” बाबा म्हणाले. “एक जण आण. माझ्याशी बोलू दे. मग करतो.”

“बाबा, त्यांचं काम तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला शंका येते. वहीत रोज शंभर वाक्यं पडतात.”

“कुणी चुकलं, तर?”

“दुसरा दुरुस्त करतो.”

“दुसरा चुकला, तर?”

“तिसरा असतोच.”

“आणि मी?”

बाई किंचित अडखळल्या. “तुम्ही… तुम्ही पाठांमध्ये आहात ना, बाबा.”

“बरी जागा दिलीस.”

मग बाबा आपणहून बोलू लागले. त्यांचा आवाज खाली आला होता.

“मंजी गेल्यापासून त्या बोलण्यात तोंड उघडलेलं नाही मी. एखादी वस्तू हातात घेतो आणि तिचं नाव येत नाही. काल वल्ह्याच्या मुठीचं आठवेना. दिवसभर आठवेना.”

“एवढंच ना?” बाईंनी मोबाइल उचलला, वही उघडली, दोनदा बोट फिरवले आणि तो शब्द वाचून दाखवला.

बाबांचा चेहरा उजळला. “हो. हेच.”

“पाहिलंत? चार हजार शब्द आहेत. आता काहीही हरवायचं नाही.”

“हेच,” बाबा पुन्हा म्हणाले. त्यांनी तो शब्द हलक्या आवाजात दोनदा उच्चारला. मग बाईंकडे पाहिले. “आता हा मी कुणाला सांगू?”

प्रश्न बाईंना भावुकपणाचा वाटला. कोणाला आणायचे, ते मात्र त्यांनी त्याच वेळी मनाशी ठरवले.

*

संक्रांतीनंतरच्या रविवारी मनवा सबनीस पुण्याहून आली. वय एकोणतीस, एका संगणक कंपनीत नोकरी. शहाण्णवही पाठ तिने चार चार वेळा ऐकलेले होते. सामायिक वहीत तिच्या वाक्यांना कोणी हात लावीत नसे, कारण लावण्याची कधी गरजच पडत नसे.

“बस, पोरी,” बाबांनी तिला समोर बसवले. सकाळपासून ते अस्वस्थ होते. धुतलेले धोतर नेसले होते, उपरणे घडी करून खांद्यावर घेतले होते. तीन महिन्यांनंतर कोणीतरी त्यांच्याशी बोलणार होते.

“काय बोलू, आजोबा?”

“तुला वाटेल ते.”

मनवाने डोळे क्षणभर मिटले आणि ती त्या बोलीत बोलू लागली.

बाईंचा ऊर भरून आला. एकही उच्चार घसरत नव्हता. बाबा जसा शब्दाचा शेवट लांबवीत, तसाच ती लांबवी. बाबा जेथे आवाज चढवीत, तेथेच तिचा चढे. तिने आपल्या आईविषयी सांगितले, घराविषयी सांगितले, वाटेत लागलेल्या केळीच्या बागांविषयी सांगितले. वाक्यामागून वाक्य येत होते.

बाबा प्रथम पुढे झुकले. त्यांचे ओठ विलग झाले, काही म्हणावे तसे. पण तोवर मनवाचे पुढचे वाक्य सुरू झाले होते. त्यांनी हात थोडा वर केला. तिला वाटले, शाबासकीच आहे. ती अधिक उत्साहाने बोलू लागली. बाबांचे ओठ पुन्हा विलग झाले… आणि मिटले. पुन्हा एकदा… आणि मिटले.

मग त्यांनी तोंड उघडले नाही.

ते सावकाश ओसरीवर आडवे झाले. पाय सरळ केले. हात दोन्ही बाजूंना ठेवले. खांद्यावरचे उपरणे ओढून चेहऱ्यावर घेतले.

मनवा वाक्याच्या मध्येच थांबली.

“बाबा!” खाचणेबाई धावल्या. “काय होतंय? छातीत दुखतंय का?”

“काही होत नाही,” उपरण्याखालून आवाज आला. “तिला म्हणावं, पुरे झालं.”

ते उठून बसले, तेव्हा मनवा रडवेली झाली होती.

“आजोबा, माझं कुठे चुकलं?”

“एक अक्षर चुकलं नाही. मंजीसुद्धा इतकं नीट बोलत नव्हती. ती निम्मं गिळायची.”

“मग?”

बाबांनी पाण्याकडे हात केला. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता.

“नदीवर असंच असायचं. या नावेतून त्या नावेतलं माणूस दिसायचं नाही. एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं. तिकडून हुंकार आला, की दुसरं. नाही आला, तर दुसरं नाही. घरातही तसंच. माझी आई शेजारणीकडे वाटीभर पीठ मागायला जायची, तर पाच हुंकार लागायचे.”

मनवाला हसू आले आणि लगेच विरले.

“हुंकार न घेता कुणी बोलतच नसे?” खाचणेबाईंनी विचारले. पाच वर्षांत हा प्रश्न त्यांनी प्रथमच विचारला होता. त्यांच्या प्रश्नावलीत तो नव्हता.

“बोलायचे की. मेलेल्याशी.”

“…”

“प्रेत नावेत ठेवलं, की घरात जो वडीलधारा असेल, तो त्याला पुढची वाट सांगतो. एका दमात सांगायची. मधे जागा ठेवायची नाही. जागा ठेवली आणि तो हुंकारला, तर मग तो जायचा नाही.”



काही वेळाने मनवाने बाबांच्या पायांना हात लावला आणि ती उठली. बसथांब्यापर्यंत बाई तिला सोडायला गेल्या. वाटभर ती मान खाली घालून चालत होती.

“मॅडम,” शेवटी ती म्हणाली, “थांबायचं असतं, हे पाठांमध्ये कुठेच नव्हतं.”

“नव्हतं,” बाई म्हणाल्या.

ते थांबणे कोठे गेले, हे त्यांना ठाऊक होते. पहिला पाठ मुळात एक्केचाळीस मिनिटांचा होता. त्यांनी तो चौदा मिनिटांवर आणला होता. प्रत्येक वाक्यानंतर बाबा थांबत. बाई सवयीने ‘हं’ म्हणत. मग बाबा पुढे बोलत. संगणकावर एक कळ दाबली, की शांतता आपोआप गाळली जाते. बाईंचे ‘हं’ मात्र आपोआप गळत नव्हते. ते त्यांनी स्वतः, रात्रंदिवस खपून, एकेक वेचून काढले होते. आपल्या शोधनिबंधात त्यांनी त्याचा अभिमानाने उल्लेखही केला होता: या संस्कारामुळे श्रोत्यांचा बहुमोल वेळ वाचतो.

*

खाचणेबाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. मूळ मुद्रणे त्यांच्याजवळ जपून ठेवलेली होती. तीन आठवडे बसून त्यांनी सर्व पाठ पूर्ववत केले, थांब्यांसकट, हुंकारांसकट, आणि माघाच्या आरंभी श्रोत्यांसमोर नव्याने ठेवले. ‘हीच खरी रीत आहे’, अशी टीपही वर लिहिली.

नंतरच्या रविवारी त्या मठात आल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जागरण दिसत होते.

“काय म्हणतात तुझे लोक?” बाबांनी विचारले.

बाईंनी सामायिक वही उघडून वाचून दाखवली. त्यांचा स्वर कोरडा होता.

“एक लिहितो, आवाज मधेमधे तुटतो आहे, दुरुस्त करावा. एक बाई लिहितात, मी दीडपट वेगाने ऐकते, त्यामुळे थांबे फारसे जाणवत नाहीत. सात जणांनी विचारलं आहे, जुने पाठ कुठे मिळतील.”

“आणि?”

“पहिला पाठ शेवटपर्यंत अकरा जणांनी ऐकला. दुसरा दोघांनी.”

“मनवाने?”

“तिने वही सोडली.”

बाबांनी मान हलवली. “लाव. मी ऐकतो.”

बाईंनी पहिला पाठ लावला. बाबांचा पाच वर्षांपूर्वीचा आवाज ओसरीवर घुमला. एक वाक्य… थांबा… हं. दुसरे वाक्य… थांबा… हं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. बाईंना आशा वाटू लागली. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली.

“हे हुंकार कुणाचे?” बाबांनी डोळे न उघडता विचारले.

“माझेच. तेव्हाचे.”

“समजून दिलेले?”

बाईंनी पाठ बंद केला.

बाबा त्यांच्याकडे वळून बसले आणि त्या बोलीत एक वाक्य बोलले. साधे होते, आज वारा नाही, अशा अर्थाचे. बाई म्हणाल्या, “हं.”

बाबा दुसरे वाक्य बोलले. वारा नसला, की पाणी जड होते. बाई म्हणाल्या, “हं.”

मग ते तिसरे बोलले. ते कोणत्याही पाठात नव्हते. लांब होते, भरभर आले, मध्येच हसले, मध्येच थरथरले. त्यात मंजीचे नाव होते. बाबा थांबले. त्यांची नजर बाईंच्या चेहऱ्यावर होती.

“हं,” बाई म्हणाल्या.

“काय म्हणालो?”

“…”

“सांग की.”

“बहीण… मीठ… आणि नदी.”

“मधलं?”

“मधलं नाही कळलं, बाबा.”

“मग हुंकारलीस कशाला?”

बाईंनी पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले. विद्यार्थ्यांपुढे त्यांनी असे कधी केले नसते.

“तुम्ही थांबू नये म्हणून. तुम्ही बोलत राहावं, मुद्रण पुरं व्हावं… म्हणून.”

“पाच वर्षं?”

“पुष्कळदा.”

बाबा रागावले नाहीत. रागावले असते, तर बाईंना बरे वाटले असते.

“धुक्यात हुंकार ज्या बाजूने येतो, त्या बाजूला नाव वळते,” ते म्हणाले. “आम्ही दुसरं काही बघत नाही. बघायला काही नसतंच.”

“…”

“पाच वर्षं मी वल्हवत होतो, बाई.”

खाचणेबाई उठल्या. पिशवीतला कागद त्यांनी त्या दिवशी बाहेर काढला नाही. बाबांनीही तो मागितला नाही.

*

माघ वद्य तृतीया, मंगळवार, दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीची सत्तावीस तारीख. मराठी भाषा गौरव दिन असल्यामुळे महाविद्यालयात समारंभ होता आणि सत्कारमूर्तींमध्ये खाचणेबाईंचे नाव छापलेले होते. त्यांनी रजेचा अर्ज पाठवला आणि त्या मठात आल्या. थंडी ओसरली होती. पाण्यावर धुके नव्हते. पलीकडचा काठ, त्यावरची बाभळ, सारे स्वच्छ दिसत होते.

बाबा ओसरीवर उन्हात बसले होते. गेल्या पंधरा दिवसांत ते फार उतरले होते. मनगटावरची कातडी सैल झाली होती.

“आज मंगळवार ना?” ते म्हणाले. “वाट चुकलीस का?”

“नाही, बाबा. मुद्दाम आले.”

“कागद?”

“आणला नाही. विद्यापीठाला काल कळवलं. अभ्यासक्रम मी मागे घेतला.”

“तुझं नुकसान झालं.”

“माझं काय व्हायचं आहे? मुलं दुसरं काहीतरी शिकतील.” बाईंनी क्षणभर ओठ घट्ट मिटले. “बाबा, मी मनापासून केलं होतं.”

“ठाऊक आहे. म्हणून तर मी बोलत राहिलो.”

एक बगळा काठावरून उडाला आणि दूर जाऊन पुन्हा काठावरच उतरला.

बाईंनी मोबाइल काढला. “आज सगळे पाठ पुसून टाकते. तुमच्यादेखत. तुमच्या आवाजात लोकांनी नको ते शिकावं, त्यापेक्षा काहीच नसलेलं बरं.”

“माझं सगळं बोलणं त्यात आहे?”

“सगळं. दोन्ही तऱ्हांनी आहे. थांब्यांचे शहाण्णव आणि बिनथांब्यांचे शहाण्णव.”

“थांब्यांचे पूस.”

बाईंनी मान वर केली. “बाबा, तुम्ही उलट सांगताय. थांब्यांचे, तेच खरे आहेत.”

“तुझ्या हुंकारांसकट?”

बाईंनी बोट फिरवले. एकेक करून थांब्यांचे शहाण्णव पाठ पुसले गेले. पुष्कळ वेळ लागला. बाबा पाहत राहिले.

“झाले,” बाई म्हणाल्या. “आता दुसरे.”

“चाळिसावा राहू दे.”

“बिनथांब्यांचा?”

“तोच.”

“त्यात काय आहे, बाबा? नुसती नदीची वळणं आहेत. कोणत्या पाड्यापुढे कोणता डोह, कोणत्या डोहापुढे कोणता खडक, डाव्या हाताने जायचं की उजव्या. ती नदी आता उरलेलीसुद्धा नाही.”

“राहू दे.”

बाईंनी पंचाण्णव पाठ पुसले. एक राहिला. त्यांना वाटले, बाबांना आपल्या गावांची आठवण हवी असेल. आपला तरुणपणचा नसला, तरी आपला आवाज हवा असेल. म्हाताऱ्या माणसांना असे वाटते.

“लावू का? ऐकणार?”

“आता नको.”

“मग?”

सुकाबाबांनी पाण्याकडे पाहिले.

“मंजीच्या वेळी वाट सांगायला मी होतो,” ते म्हणाले. “माझ्या वेळेला तो लाव.”